कल्लंगडी

आठ महिने आई पांढरी होत गेली
आणि वडगावच्या आमच्या गल्लीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.
मागाच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली,
सगळेच तसे दिसतात.

कांड्या भरताना दोनदा बसली,
तिसऱ्यांदा चरख्यासकट आडवी.
गल्लीच्या टोकाचा डॉक्टर म्हणाला, रक्त कमी. लोहाच्या गोळ्या.
गोळ्यांनी शौचाला काळं होतंय, घाबरू नका.
म्हणून आम्ही घाबरलो नाही.
एका काळ्यामागं दुसरं काळं लपलं,
आणि आई काय त्या विषयावर बोलणारी बाई नव्हे.

पाच पॉइंट दोन.
सिव्हिलात दोन बाटल्या चढवल्या, गालांवर रंग आला,
महिन्याभरात कुठंतरी निघून गेला.
मामानं मिश्रीवर ठपका ठेवला, गंगव्वानं लिंबू उतरवलं.
"दुखत न्हाई रे कुठं," आई म्हणाली,
"दुखलं असतं तर सांगितलो नसतो काय?"

मग दुर्बीण.
हिरेगौडर डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडं वळवला.
ओला गुलाबी बोगदा, जठराचं खालचं टोक,
तिथं लाल पट्टे,
सगळे एकाच दाराकडं चाललेले.
व्रण नाही. गाठ नाही.
नुसत्या शिरा, फुगून वर आलेल्या,
थेंब थेंब, कसलीच घाई नसल्यासारख्या.

बाई आधी कन्नडात बोलल्या, मग अर्धं इंग्रजीत.
मी मान हलवत राहिलो.
तशा त्या आईकडं वळल्या. "अज्जी, कल्लंगडी होट्टे."
घसा बधिर, जीभ जड,
तरी आई कोपरावर उठली.
"कलिंगड? माझ्या पोटात?"

फोटो तिनं उजेडात धरला,
साडीचा दोष बघतात तसा.
"इथं ताण्याला धागं जास्त आलेत बघ,
फणीत मावंनात."

ठिणगीनं डागायचं. एकदा नव्हे, तीन-चार खेपा.
परत उगवतीलही, बाईंनी लपवलं नाही.
आईनं बोटांवर हिशेब घातला,
एका खेपेला साड्या किती.
बोटं पुरली नाहीत, तिनं हात पदराखाली घेतला.

बातमी ऐकून मामानं, काय मनात आलं कोण जाणे,
कलिंगडच आणलं.
मागाखाली तीन दिवस पडून.
सुरी लावायला कुणी धजेना.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या दुपारी
तिनंच ते पुढ्यात ओढलं, चिरलं,
एक फोड खाल्ली, बिया मुठीत थुंकल्या.
"पाणचट हाय," म्हणाली,
आणि उरलेलं गंगव्वाच्या शेळीला घालून आली.