एकास सत्त्याऐंशी

देवळाली कॅम्पचं स्टेशन
जेवणाच्या टेबलावर, एकास सत्त्याऐंशी.
द्राक्षांच्या पेटीची फळी तासून बाक,
चहाच्या जुन्या गाळणीचं कुंपण,
खडी म्हणून गंगापूर रोडच्या बांधकामावरची वाळू,
तीनदा चाळलेली.

कुमुद म्हणते, आता जेवायचं कुठं?
फलाट दोनवर, मी म्हणतो.

एकलहऱ्याच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
खऱ्या इंजिनांच्या मोटारी रिवाइंड केल्या,
हात कधी थरथरला नाही.
आता दोन सेंटिमीटरच्या स्टेशनमास्तरला
हिरवा झेंडा चिकटवताना
श्वास रोखावा लागतो.

मागे डोंगराच्या कडेला
एक गाडी मुद्दाम निम्म्या मापाची.
कुमुद चष्मा लावून वाकते,
"ही चुकली का हो?"

चुकली नाही. लांब आहे.

मग ती तिकडंच बघत राहते,
हातात पोळ्यांचा डबा,
जवळ येतेय की जातेय, ते ठरेपर्यंत.