बाण कुठून निघतो

साठपैकी सव्वीस.
पास आहे. हीच अडचण.
नापास झाले असते तर
आईने निदान पाठीवर हात ठेवून
जेवायला उठवलं असतं.
सव्वीसला कुणी समजूत घालत नाही.
वाघुळदे काकूंनी तर कुंपणावरून
पेढाच मागितला.

सावद्याहून फैजपूर, एसटीत पंधरा मिनिटं.
शबनूर तडवीने खिडकीची जागा मला दिली.
तिचे एक्कावन्न तिने
सुट्या पैशांसारखे ओढणीच्या टोकात बांधून ठेवले होते,
वाजू नयेत म्हणून.
डबा उघडला : कळण्याची भाकरी, ठेचा.
मी पापुद्रा सोलत बसले,
कॉलेज आलं तरी सोलतच होते.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स यायला मार्च उजाडला.
प्रश्न तिसरा, ब.
एथिलीनवर हायड्रोजन ब्रोमाइड.
नेहेते मॅडमनी नखाने कागद टोकरला.
"बाण बघ तुझे."
सगळे उलटे.
हायड्रोजनपासून दुहेरी बंधाकडे निघालेले,
एकही चुकून बरोबर नाही.
"इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून बाण निघतो,
जिथे कमी आहेत तिथे जातो.
तू पाठ केलंस. पाहिलं नाहीस."

राग मॅडमचा आला नाही.
राग आला घरी टीव्हीवर लावलेल्या
दहावीच्या फ्रेमचा,
तिच्यातल्या दोन वेण्यांच्या पोरीचा,
जिला सगळं येत होतं.

संध्याकाळी सहा ते नऊ मी केळीच्या चेंबरवर
रजिस्टर लिहिते.
तारीख, क्रेट, तापमान, गॅस किती वाजता सोडला.
बाहेर रस्ता तापून डांबराचा वास,
आत साडेसतरा अंश
आणि छतापर्यंत हिरवीगार केळी,
शाळा भरायच्या आधीच्या पोरांसारखी गप्प.
सुपडूनाना दार ओढतो, कडी घालतो :
"आता चोवीस तास उघडायचं नाही."
दोन वर्षं झाली
मी त्या रकान्यात लिहिते आहे
एथिलीन, एथिलीन, एथिलीन.
पेपरात तेच समोर आलं
तर आम्ही एकमेकांना
ओळखही दाखवली नाही.

"काय व, आज पेन चालत नाही का?"
सांगितलं. सव्वीस, साठ, बाण.
नानाला बाण कळला नाही. सव्वीस कळले.
कोपऱ्यातल्या क्रेटमधून एक केळं काढून
त्याने सोललं, अर्धं मला दिलं.
"मांगच्या खेपीचं. मालकानं घाई केली.
साल पिवयी झाली, गर कच्चाच राह्यला.
गिऱ्हाईक साल पाह्यते,
दात गर पाह्यते."
मला वाटलं आता म्हणेल, तुझंही तसंच झालं.
म्हणाला नाही.
उरलेलं अर्धं खाऊन तोंड वाकडं केलं
आणि शिडी घेऊन पंखा बघायला गेला.

घशात तो तुरटपणा घेऊन
मी रजिस्टरच्या समासात दोन कार्बन काढले.
मध्ये दोन रेघा.
पेन सवयीने हायड्रोजनवर गेलं.
उचललं.
वरच्या रेघेवर टेकवलं,
जिथे काहीतरी आहे, तिथे.
बाण वाकला, पोचला.
पुन्हा काढला. चौथ्यांदा परत चुकला,
पाचव्यांदा हात थांबला आणि विचारून गेला.

दाराच्या फटीतून गार हवा पायांवर येत होती.
त्या बंद खोलीत
कुणाला दिसणार नाही असं काहीतरी
आपल्या वेळेने चाललं होतं.
मी भिंतीला कान लावला, उगीच.
कंप्रेसरचा आवाज, दुसरं काही नाही.

सकाळी हिशेबनीस भंगाळे
समासावर बोट ठेवून म्हणाला,
हे काय गिरबिडून ठेवलंय?
खोडू का?

राहू द्या, म्हटलं.
चौथा तेवढा खोडा.