वजन किती?

नाना पेठेत, सिराज तांबोळीच्या गॅरेजपुढे
एकाच गाडीच्या तीन पिढ्या उभ्या असतात.
पहिली कार्ब्युरेटरची.
थंडीत चोक ओढून मनधरणी,
किक उलटी बसली की पोटरीवर निळं गोंदण.
दुसरीला इंजेक्शन आलं, पुढे उंच मडगार्ड.
सिराज म्हणाला, "चोच फुटली. उडत नाय अजून."
तिसरी माझी.
एकवीस इंची पुढचं चाक, तारांचं,
आणि खडीसाठी मागचा एबीएस बंद करायचं बटण,
जे मी आधी दोन महिने दाबलंच नाही.

शोरूममधल्या पोरानं माझ्याकडे पाहिलं,
मग सीटकडे, मग परत माझ्याकडे.
"मॅडम, स्कूटरपण आहेत आपल्याकडे."
पाच फूट एक.
एकच पाय टेकतो, तोही चवड्यावर.
कर्वे रोडच्या सिग्नलला मी
डावीकडचा फुटपाथ धरून थांबते,
पोहायला शिकणारं पोर काठ धरतं तशी.

मोठ्या गाड्या बघते ना मी, हजार-बाराशेच्या,
रविवारी पहाटे चांदणी चौकातून जाणाऱ्या,
तीन-तीन पेट्या लावून, बिऱ्हाड हलवल्यासारख्या.
देखण्या असतात.
पण आडव्या झाल्या की चार माणसं लागतात
आणि पाचवा, सूचना द्यायला.

माझी आडवी झाली फेब्रुवारीत,
भोरच्या पुढे, वरंधच्या वाटेवर,
मुरमाच्या वळणात, वेग जेमतेम वीस.
आसपास कोणी नाही. एक टिटवी, ती ओरडून गेली.
उजवीकडे पडलेली, म्हणून आधी साइड स्टँड काढला,
गिअरमध्ये टाकली,
हँडल पूर्ण वळवलं, सीटला पाठ लावली.
"हातानं नाय ताई, मांड्यांनी उचलायची,"
सिराजनं गॅरेजच्या फरशीवर
गादी टाकून शिकवलं होतं.
पहिल्यांदा नाही.
दुसऱ्यांदा अर्धी, आणि परत खाली.
मग पाणी प्यायले. शिव्या दिल्या, नाव घेऊन, स्वतःला.
तिसऱ्यांदा
मागे काहीतरी हललं,
आणि एकशे ब्याऐंशी किलो
माझ्यामागे उभे राहिले.
कितीतरी वेळ वळून बघवेना.

आज सिराजकडे चौथी आलीय, कुणाचीतरी, पहिल्या सर्व्हिसिंगला.
दोन सिलिंडर, रंगीत स्क्रीन, नकाशा आतच.
पोरं वाकून वाकून बघतायत.
"काय ताई, घेणार?"
"वजन किती?"
"वीसेक किलो जास्त."

मी स्क्रीन नाही बघितली.
तिच्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले,
आणि टेकून पाहिलं.