एक भोक जादा

नारळी पौर्णिमेच्या रथाआधी
मंडळाच्या मांडवात रक्त दिलं.
बिस्किटाचा पुडा, एक केळं, स्टीलचा डबा.
सतरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन:
यल्लप्पा चिलवेरी का? एकटेच या.

कावीळ बी, म्हणाल्या बाई,
आवाज इतका खाली,
जणू शेजारच्या खुर्चीलाही लागेल.

मी जेकार्डाची कार्डं पाडतो.
आधी ग्राफ, त्यात लाल चौकोन, मग ठोका.
भोक असेल तिथं सुई आत जाते, दोरा उचलतो.
नसेल तिथं दोरा झोपून राहतो.
अशा झोपलेल्या-उठलेल्या दोऱ्यांचा मोर होतो, चादरभर.
एक भोक जादा पडलं
की मोराच्या डोळ्यात पांढरा ठिपका,
प्रत्येक चादरीत, त्याच जागी.
मालक चादर उजेडात धरून विचारतो,
दोरा तुटला, का कार्ड चुकलं?
दोरा तुटला तर दोष एकदाच.
परत परत तिथंच आला, तर कार्ड.

एवढं एकच मला येतं.
म्हणून कॅलेंडरवर खुणा करायला लागलो,
उठवत नाही त्या दिवसांच्या.
चार दिवसांनी नळ आलाय,
घागर भरून पाणी बोळात चाललंय,
पद्मजा ओरडतेय, आणि मी
पाईप हातात धरून उभा.
कळतंय सगळं.
हात कुणाचा ते कळत नाही.

डॉक्टर हत्तुरे म्हणाले, जुनी आहे. लिव्हर सध्या बरं.
मी म्हटलं, साहेब, ही डोक्यात जाते का?
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
काही पेशंटना उदास वाटतं खरं.
आजारानं, का आजार कळल्यानं,
का लोक ताट वेगळं करतात त्यानं,
सांगता येत नाही.
संबंध असेल. नसेलही.

उत्तर आवडलं मला. फसवणारं नव्हतं.
पण कळायच्या आधीपासून माझं असंच आहे, साहेब.
मग लागली कधी?
बहुतेक जन्मताना, म्हणाले. आईकडून.

सात रस्त्यापर्यंत चालत आलो.
रिक्षावाला दोनदा विचारून गेला.

आई. नरसुबाई. दिवसाला हजार विड्या.
सूप मांडीवर, पान भिजलेलं, तंबाखू मोजलेली,
आणि कधीकधी हात मधेच थांबलेला.
सकाळचा थांबलेला हात दुपारीही तिथंच.
भिंतीकडे तोंड.
मनसु बाग लेदु, एवढंच म्हणायची.
मन बरं नाही.
बाबा म्हणायचे, मनाला काय धाड भरलीय, काम कर.
आम्ही पोरं तिला आळशी म्हणायचो.
मी तर हसायचो.
कारखान्यात छाट जास्त निघायची त्या आठवड्यात
आणि आमच्या भाजीत पाणी.

तिच्या रक्ताचा कागद कुठल्याच दवाखान्यात नाही.
आता मागायचा कुणाला?
म्हणजे तिची उदासी कशाची होती
ते मी ठरवू शकत नाही.
नुसतं हसणं परत घेता येतं का बघतोय.

खुणा मोजल्या.
अश्विनात सलग नऊ. कार्तिकात एक.
गड्ड्याच्या जत्रेत एकही नाही,
तेव्हा तर पाळण्यात बसून ओरडलो होतो.
कुठं कुठं एकाच जागी येतात वाटतं,
पुढच्या महिन्यात सरकतात.
मोर काही होत नाही.
गोळी मात्र रात्री साडेनऊला, न चुकता.

मुलीचं रक्त तपासलं. निगेटिव्ह.
जन्मल्याबरोबर लस दिली होती, पद्मजानं कार्ड जपलंय.
(तेही कार्डच, मला तेव्हा सुचलं.)

तरी काल संध्याकाळी बघतो तर
भिंतीकडे तोंड करून बसलेली.
काम कर, जिभेवर आलं होतं.
गिळलं. शेजारी बसलो.
बराच वेळ गेला. मग विचारलं,
मनसु बाग लेदा?

तिनं वर बघितलं.
पप्पा, रेंज या कोपऱ्यातच येते.

मी तरी उठलो नाही.
ती पण थोडी सरकली,
भिंतीला टेकायला मला जागा झाली.