तुम्ही आणाल ते

वरळीत अठ्ठाविसाव्या मजल्यावर
दहा खुर्च्यांचं हॉटेल. टेबल नाही, एकच लांब फळी,
इतकी गुळगुळीत की मी कोपर ठेवलं आणि परत उचललं.
मेन्यूकार्ड मागितलं तर गार्गी हसली.
बाबा, इथे मागायचं नसतं. ओमाकासे.
म्हणजे तुम्ही द्याल ते.

मी?
चाळीस वर्षं सिटीलाइटच्या बाजारात
कल्ला उघडून रंग बघितल्याशिवाय
ज्यानं पापलेट पिशवीत घेतलं नाही,
बोटाचा खड्डा राहिला तर
हेमाबाईलाही तोंडावर 'ठेव परत' म्हणणारा मी?

मनात हिशेब सुरूच: एका माणसाच्या पैशात
दोन महिन्यांची सुरमई, वर कोलंबी.
पण मुलीचं प्रमोशन. तोंड मिटून बसलो.

शेफ मणिपूरचा, नाव इबोमचा.
टोकियोत सात वर्षं, त्यातली तीन नुसता भात धुण्यात.
त्यानं विचारलं, कुछ ऐसा है जो आप नहीं खाते?
हम सब खाते हैं, मी सांगून टाकलं,
दोघांच्या वतीनं.
बँकेचे फॉर्मही दोघांचे मीच भरतो.

मग एकेक येत गेलं.
भात अंगाइतका कोमट, वर मासा गार,
आणि मधे लपवलेलं ते हिरवं,
फेसलेल्या मोहरीसारखं नाकातून थेट टाळूला.
डोळ्यांत पाणी. वृंदानं न बघताच नॅपकीन पुढे केला.
हात से भी खा सकते हैं, इबोमचा म्हणाला,
आणि त्या क्षणी मी त्याला बिलासकट माफ केलं.

पलीकडे एक मुलगा प्रत्येक घासाचा फोटो काढत होता.
घास ताटकळत होता.
इबोमचानं सुरी जरा जोरात पुसली, इतकंच.

आठवा घास चंदेरी, पाठीवर निळ्या लाटा.
ओळखला! मी फळीवर थाप मारली.
अगं, हा तर आपला बांगडा,
परदेशात जाऊन व्हिनेगरात नाहून आलेला!

वृंदा माझ्याकडे बघत नव्हती.
त्याला म्हणाली, मराठीतच,
मला नको.
मला बांगडा कधीच आवडला नाही.

कधीच.
मी बुधवार मोजायला लागलो.
तिरफळं घातलेला, भरलेला, तव्यावरचा,
काटे तिनं ताटाच्या कडेला ओळीनं लावलेले,
मला वाटायचं, किती निगुतीनं खाते.
आणि काय आणू म्हटलं की फोनवर तिचं ठरलेलं,
तुम्ही आणाल ते.
मला ते प्रेम वाटायचं. असेलही.
पुढे पुढे तर मी फोनही करत नसे.

इबोमचाला मराठी येत नव्हतं, पण कळलं.
तो घास उचलून त्यानं माझ्यापुढे सरकवला.
सुरी खाली ठेवली.
तो फिर आपको क्या पसंद है?

ती विचार करत राहिली.
गार्गी पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच.
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि लक्षात आलं, मला माहीत नाही.

सोचके बताती हूँ, ती म्हणाली.
आराम से, तो म्हणाला, आणि खरंच थांबला.

दोन्ही बांगडे मी खाल्ले.
सांगायला लाज वाटते, फार चांगले होते.

शेवटी अंडं आलं, गोड, केकसारखं.
तिनं आपलं संपवलं
आणि माझं, न विचारता, उचललं.

बुधवारी सिटीलाइटला हेमाबाईनं बांगडे पुढे केले.
डोळे बघ, म्हणाली, काच आहे काच.
मी फोन लावला. काय आणू?
पलीकडे कुकरची एक शिट्टी, मग दुसरी.
मग ती म्हणाली, तिथेच थांबा. मी येते.

कापू का, हेमाबाईनं विचारलं.
म्हटलं, थांब जरा.
रिकामी पिशवी धरून उभा आहे,
बर्फाचं पाणी चपलेत येतंय,
मागचे लोक पुढे जातायत.