अर्जंट

उदगीरच्या तहसीलसमोर जमीलोद्दीन मुन्शींचं टेबल,
तीन पायांवर उभं, चौथ्याखाली वीट.
त्याला लागून माझं झेरॉक्सचं मशीन.

मुन्शी म्हणायचे, हा शब्द विलायतेचा नाहीच,
बघ ना, पोटात अर्ज आहे त्याच्या.
अर्ज जुना, निजामाच्या कागदांतला.
शेपटाला 'अंट' कुण्या साहेबानं लावला असेल
घोड्यावर बसता बसता.

मला बारावीला इंग्रजीत एकोणचाळीस.
मी वाद घातला नाही.

अर्जाचे वीस रुपये.
कोपऱ्यात लाल शाईनं अर्जंट हवं असेल तर बावीस.
पण लिहिण्याआधी चष्म्यावरून विचारणार,
"कितपत?"

कितपत म्हणजे, लेकराच्या दाखल्यावर
अंगदचा आनंद झालाय, उद्या शेवटची तारीख.
कितपत म्हणजे, चुलत्याच्या मृत्यूची नोंद.
इथं मुन्शी पेन थांबवून म्हणाले,
"त्यांना तर नसेल घाई."
हंडरगुळीचा तो माणूस रडता रडता हसला
आणि दोन रुपये वाचवून गेला.

वापरून वापरून पातळ झालाय शब्द.
नांदेड रोडला एका प्लॉटवर पाटी, अर्जंट विकणे आहे,
तिच्या मागं बोर उगवली, वाढली, फळाला आली.
माझ्या मोबाइलवर कुणाला तरी
बी निगेटिव्ह रक्त अर्जंट हवंय, चौथं वर्ष.
मी फोन लावला एकदा.
तो म्हणाला, ताई, ती बरी झाली,
तिला लेकरूही झालं,
आता हे त्या मेसेजला कोण सांगणार?

शाळेत पोरगं करंगळी वर करतं, "सर, अर्जंट!"
तेवढ्यापुरता शब्द खरा.

आमच्याकडं आधीचे होते की.
आईची गडबड, शेजारच्या खालाबीची जल्दी,
लग्नातली लगबग, पेपरातली तातडी.
पण कागदावर त्यांचं वजन पडत नाही.
साहेबाला अर्जंट कळतं.
निदान कळल्यासारखं करतो.

मागच्या भादव्यात मुन्शींनी स्वतःसाठी अर्ज लिहिला.
निराधारची पगार थांबली होती, हयातीचा दाखला पाहिजे.
अक्षर मोत्यासारखं. कोपरा कोरा.
मी म्हणलं, "चाचा, लाल शाई?"
"जिवंत असणं काय अर्जंट असतं का?"

अर्ज डोईफोडे भाऊसाहेबांच्या गठ्ठ्यात गेला.
त्यावर दुसरा गठ्ठा आला, त्यावर निवडणूक,
त्यावर चहाचा कप.
अकरा महिने मुन्शी रोज दहाला येऊन
त्यांच्याच खिडकीसमोर जिवंत बसायचे.
डोईफोडे रोज सलाम करायचे.

श्रावणात दाखला निघाला.
सदर इसम अर्जाच्या दिनांकास हयात होता.
"आणि आजच्या?"
त्याला नवा अर्ज लागेल, डोईफोडे म्हणाले,
खरंच ओशाळून.

मुन्शी हसले. मग खोकले. मग परत हसले.
बोटं थरथरतात म्हणून पेन माझ्याकडं दिलं.
मी लिहिलं, ते सांगतील तसं, कान्यामात्रेसकट.
कोपऱ्याशी हात थांबला.
त्यांनी लाल बाटली सरकवली,
वर दोन रुपयांचं नाणं ठेवलं.

रीत आहे, विचारावं लागतं.
"कितपत?"

मुन्शींनी घड्याळ बघितलं नाही.
समोर गाड्यावर भज्यांचा घाणा निघत होता.
"तू लिही बिगीनं," म्हणाले,
"गार होतील ती."