हिरवी वायर

पाटसकर इलेक्ट्रिशियन अकरा दिवस
"उद्या सकाळी नक्की" येताहेत.
तोवर फ्रिजची वायर हॉलमधल्या एक्स्टेंशनला,
आणि आम्ही दोघं साठीचे
लंगडी खेळल्यासारखे ती ओलांडतो.

बुधवारी मी तपकीर गल्लीत गेले.
"बसवणार कोण?" दुकानदारानं विचारलं.
म्हटलं, मी.
त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.
पिशवीत मेथी होती.
पावतीच्या पाठीवर त्यानं तीन ठिपके काढले:
"उजवीकडे लाल, डावीकडे काळी,
वरचं मोठं भोक हिरवीचं.
लोक हिरवी सोडून देतात. चालतं तसंही.
तुम्ही सोडू नका.
टेस्टर आहे ना घरी?"
आहे म्हटलं.
कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि टेस्टर घेतला.

गुरुवार. धनकवडीत नऊपासून लाईट नाही,
तरी मेन खाली पाडला;
गेलेली लाईट येताना सांगून येत नाही.
विद्याधर टॉर्च धरून उभा.
"माझ्या तोंडावर नको, भिंतीवर धर."
"जमेल ना तुला?"
"भिंतीवर."

एक स्क्रू सहज सुटला.
दुसऱ्यावर रंगाचे थर:
मुंजीच्या वेळचा पिस्ता, मग क्रीम,
मग लॉकडाउननंतरचा पांढरा.
उलथन्याच्या टोकानं खरवडले.
प्लेट निघाली.

आत सिमेंटची पूड,
पालीच्या अंड्याची दोन टरफलं,
एक बिडीचं थोटूक.
म्हणजे खिडक्यांना काचा लागायच्या आधी
कुणीतरी इथं उकिडवं बसलं होतं,
माझ्या ओट्याला पाठ टेकून.
लाल होती. करपलेली, पण होती.
काळी होती.
हिरवीसुद्धा होती,
मागं दुमडून, स्वतःभोवती गुंडाळून
कोपऱ्यात कोंबलेली.
टोक सोललेलंही नव्हतं.

मी म्हणत होते.
फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात,
सव्वीस वर्षं म्हणत होते.
सासूबाई म्हणाल्या, उपास फार करतेस.
डॉक्टर म्हणाले बी-ट्वेल्व्ह,
आणि पाच इंजेक्शनं दिली.
विद्याधर म्हणाला, मला तर नाही येत;
त्याच्या पायात ऑफिसचे बूट असायचे.
मग मी रबरी स्लिपर घालायला लागले.
गौरीच्या स्वयंपाकालाही,
आणि त्यावरून जे ऐकायचं ते ऐकलं.

टॉर्च हलला.
त्यानंही पाहिली होती.
बोलला काही नाही,
उजेड तेवढा पुढं सरकला.

करपलेली टोकं कापली, तिन्ही नव्यानं सोलल्या.
हिरवीच्या आतलं तांबं
कालच ओढल्यासारखं गुलाबी.
तिला वर जागा दिली, स्क्रू आवळला,
ओढून पाहिली.
पुन्हा ओढून पाहिली.

दोन वाजले, अडीच वाजले.
आमटीभात झाला, ताक झालं.
तीनला थोडा अवकाश असताना
खालच्या मजल्यावर देवस्थळींचा टीव्ही
अर्ध्या वाक्यापासून बोलू लागला.

मेन मीच वर केला.
खरं सांगायचं तर डोळे मिटून.
टेस्टर उजवीकडे: पेटला.
डावीकडे नाही. वरही नाही.
पावतीच्या पाठीवर होतं तसंच.
प्लग लावला. फ्रिज दोनदा खाकरला
आणि चालू झाला.

स्लिपर काढल्या.
फरशी इतकी गार असते, विसरलेच होते.
आधी हाताची उलटी बाजू टेकवली,
पळून जाता यावं म्हणून.
मग तळवा.
काही नाही.
थांबले. दुधाचं पातेलं आत हलकं थरथरत होतं,
बाकी काही नाही.

"येताहेत का मुंग्या?"
पहिल्यांदाच असं विचारत होता,
येतात हे गृहीत धरून.

संध्याकाळी पाटसकरांचा फोन.
"ताई, उद्या सकाळी नक्की."
म्हटलं, या.
घरात अजून सात प्लेटा आहेत.
उघडीन मी,
टॉर्च तुम्ही धरा.